नर सापडेपर्यंत

तांब्याची नळी दिव्यावर तापवायची, मेणात बुडवायची आणि काचपट्टीवर टेकवायची. मेणाची गोल कडी उमटते. तिच्या मधोमध ग्लिसरीनचा थेंब सोडायचा आणि थेंबाच्या तळाशी एक सूत्रकृमी बसवायचा. वर कव्हरस्लिप ठेवून पट्टी जराशी गरम केली की मेण पाघळतं आणि थेंबाला चहूबाजूंनी कोंडून घेतं. प्राणी जेमतेम दीड मिलिमीटर लांब आणि केसाहून बारीक. त्याला उचलायला सुईच्या टोकाला पापणीचा केस चिकटवलेला असतो. वीस वर्षं हे करते आहे, तरी तो केस थेंबात बुडताना माझा श्वास रोखला जातोच.

हे सूत्रकृमी कुणाच्या पोटातले नव्हेत. ते समुद्राच्या चिखलात, वाळूच्या कणांमधल्या पाण्यात मोकळे जगतात. सुकतीला खाडीच्या मुखाशी जाऊन चिखलात नळी दाबायची, वर आलेला चिखल फॉर्मेलिनमध्ये ठेवायचा, मग बारीक चाळणीतून धुवायचा. दहा चौरस सेंटिमीटर चिखलात हजारभर सूत्रकृमी निघाले तरी आम्हाला नवल वाटत नाही. खरं काम त्यानंतर सुरू होतं.

ओळख पटवायला लागतो प्रौढ नर. त्याच्या शेपटाशी मैथुनासाठी दोन बाकदार काटे असतात, त्यांना स्पिक्यूल म्हणतात. त्यांची लांबी आणि बाक बघितल्याशिवाय जात सांगणं बहुतेक वेळा धोक्याचं. मग डोकं. तिथले राठ केस मोजायचे, आणि दोन्ही बाजूंची ॲम्फिड शोधायची. पाण्यातल्या रसायनांचा माग घेणारी ही इंद्रियं कुणाची साधी गोल, कुणाची खिशासारखी, तर साबाटिएरिया नावाच्या सूत्रकृमींची जिलबीसारखी वेटोळ्यांची. ते वेटोळं भिंगाखाली हळूहळू स्पष्ट होत जातं तेव्हा मला अजूनही पहिल्या दिवसासारखा आनंद होतो.

आमच्या टेबलावर प्लॅट आणि वॉरविक यांची चित्रमय ओळखपुस्तकं असतात. पहिला भाग १९८३ सालचा. त्यांच्यामुळे माझ्यासारख्या कितीतरी जणांना हा विषय शिकता आला. त्यात जीनस, म्हणजे जवळच्या जातींचे गट, जगभरचे आहेत, जाती मात्र ब्रिटिश किनाऱ्यावरच्या, आणि हे पुस्तकाच्या नावातच स्पष्ट लिहिलेलं आहे. तरीही मोह होतो. जीनस जुळला की त्याच पानावरची सगळ्यात जवळची जात उचलावीशी वाटते.

मी ती उचलली होती. नमुन्यांत टर्शेलिंगिया भरपूर होते. शेपूट दोऱ्यासारखं लांब, छोटं गोल ॲम्फिड अगदी डोक्याच्या टोकाशी. प्राणिशास्त्रज्ञ डी मान यांनी १८८८ साली या जीनसचं वर्णन केलं. नाव टर्शेलिंग या डच बेटावरून. त्यांनीच १९०७ साली टर्शेलिंगिया लाँगिकॉडाटा ही जात नोंदवली. मी तेच नाव यादीत लिहिलं. काही वर्षांनी जुन्या पट्ट्या काढून भिंगातलं चित्र कागदावर गिरवू देणाऱ्या कॅमेरा ल्युसिडाखाली नर रेखाटायला बसले, तर स्पिक्यूलचा बाक जुळेना, शेपटाचं प्रमाणही जुळेना. तोवर माझी यादी वाचून कुणीतरी आपल्या नकाशावर आमच्या खाडीत एक ठिपका दिलाही असेल.

या प्राण्यांना पाण्यात तरंगत दूर जाणारी अळी-अवस्था नाही. पिल्लं चिखलातच वाढतात. तरी एकेक जात जगाच्या दोन टोकांना नोंदलेली आढळते. काही प्रवाहाबरोबर, वाहत्या शेवाळाबरोबर जात असतील, हे मला मान्य आहे. पण लिटोडिटिस मरिना ही एकच जात समजली जायची. बेल्जियम आणि नेदरलँड्सच्या किनाऱ्यावर तिचा डीएनए तपासला, तेव्हा एका नावाखाली चार वेगळ्या जाती दडलेल्या निघाल्या. म्हणून दूरवर पसरलेली जात म्हटलं की मी आधी विचारते, नर कुणी बघितला होता?

अशा वेळी मी रिचर्ड टिम यांची रेखाटनं काढून बसते. ढाक्याच्या नोत्र दाम कॉलेजात शिकवणारे हे धर्मगुरू. बंगालच्या उपसागरातल्या सागरी सूत्रकृमींवरचं त्यांचं काम १९६१ सालचं. १९७०च्या चक्रीवादळानंतर ते मदतकार्यात उतरले, १९८७ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. चिखलातला किडा आणि वादळात उघडा पडलेला माणूस, दोन्हींकडे ते सारख्याच लक्षपूर्वक बघत असणार असं मला वाटतं.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तळाचं पाणी प्राणवायूला मुकतं. चिखल काळा पडतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो. नाजूक जाती हटतात, साबाटिएरियासारखे चिवट टिकून राहतात. कोण गेलं आणि कोण राहिलं, यावरून समुद्राचे हाल वाचता येतात. पण नाव चुकलं तर तो मजकूरच चुकतो.

परवा ऑक्टोबरचे नमुने उघडले. सत्तेचाळीस टर्शेलिंगिया, सगळ्या माद्या आणि पिल्लं. प्रत्येक पट्टीवर तारीख लिहिली, ठिकाण लिहिलं, खोली लिहिली. जातीची जागा कोरी ठेवली आणि पुढची बशी भिंगाखाली सरकवली.