उलट्या आट्यांचे नट

जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटतात. चाक फिरताना नट सैल पडू नयेत म्हणून कारखान्याने त्या बाजूला उलटे आटे दिले होते. स्टडच्या तोंडावर बारीक ‘एल’ ठोकलेला असतो, पण ग्रीस आणि माती पुसल्याशिवाय तो दिसत नाही. पंक्चरच्या दुकानातल्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो हवेची गन लावतो आणि रोजच्या सवयीने जोर देतो. नट सुटायच्या ऐवजी आवळत जातो आणि स्टड तुटतो. एका चाकाला पाच स्टड. मालक वैतागून पाचही सरळ आट्यांचे बसवून घेतो, कारण कोपऱ्यावरच्या दुकानात तेच मिळतात.

जीप अजून आहे. 1949 मध्ये माझगावला महिंद्रांच्या कारखान्यात विलीजची जुळणी सुरू झाली, आणि 2010 मध्ये आलेल्या थारपर्यंत तो वंश सरळ चालत आला. शेताच्या कडेला, साखर कारखान्याच्या आवारात, एखाद्या वाड्याच्या पडवीत ताडपत्रीखाली जुन्या जीपा आजही उभ्या आहेत. ज्यांच्या जोरावर त्या चालू राहत होत्या त्या गोष्टी मात्र एकेक करून निघाल्या आहेत. त्यांतल्या काहींची ही नोंद.

सूत. जुने मिस्त्री बोल्टाचं माप सुतात सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच. जीपचं सगळं अंग इंची मापाचं आहे. अर्ध्या इंचाचा पाना नसला तर नवा मेकॅनिक 13 नंबरचा लावतो. फरक जेमतेम तीन दशांश मिलिमीटरचा, पाना बसतोही. पण दोन-चार वेळा घसरला की बोल्टाचं डोकं गोल होतं, मग छिन्नी आणि शेवटी गॅस कटर. ‘चार सुताचा, बारीक आट्यांचा’ असं म्हटल्यावर न विचारता बरोबर डबा खाली काढणारा दुकानदार आता शोधावा लागतो.

डबल क्लच. तीन गिअरच्या जुन्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही. चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दोनदा दाबून मध्ये न्यूट्रलला रेस द्यावी लागते. नव्या ड्रायव्हरच्या हातात दात झिजतात, आणि ते गिअर महाग आहेत.

हूड शिवणारे. जाड कॅनव्हास, पितळी आयलेट, चामड्याचे पट्टे. आता रेक्झिन मिळतं.

पेट्रोल इंजिन. युद्धकाळातल्या जीपचं ‘गो डेव्हिल’ इंजिन 2199 सीसीचं आणि साठ अश्वशक्तीचं. पुढे सीजे-थ्री-बी या मॉडेलला ‘हरिकेन’ इंजिन आलं. त्याचा इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये. इंजिन उंच झालं म्हणून बॉनेटही वर उचललं गेलं, आणि त्या उंच नाकावरून ही जीप लांबूनच ओळखू येते. अमेरिकेत तिचं उत्पादन 1968 मध्ये थांबलं. आपल्याकडे ती नंतरही बनत राहिली. पेट्रोल परवडेनासं झालं तसं शेतकऱ्यांनी या जीपांत डिझेल इंजिनं बसवली. त्यांनी केलं ते हिशोबाचंच होतं. काढलेलं इंजिन मात्र गोठ्यामागे पडून राहिलं आणि एक दिवस किलोवर गेलं. आज जीप मूळ रूपात आणायला निघालेला माणूस पहिल्यांदा तेच शोधतो.

सरकारी लिलाव. पाटबंधारे, वनखातं, जिल्हा परिषद, पोलीस या सगळ्यांच्या जीपा निकाली निघायच्या तेव्हा आवारात लिलाव व्हायचा. जाणते लोक दोन घ्यायचे: एक चालवायला, एक उघडायला. दुसरीच्या ट्रान्सफर केसवर आणि अॅक्सलवर पहिली कित्येक वर्षं निघायची. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे वाढत नाही. त्या नोंदणीकृत भंगार केंद्राकडे जातात. धुराचा विचार करता नियम योग्यच आहे. पण आवारात उभं राहून, हाताने फिरवून, आवाज ऐकून गिअरबॉक्स निवडायची सोय त्यात संपली.

बाजार तसे आहेत. पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार, मुंबईचं ऑपेरा हाऊस, दिल्लीचं काश्मिरी गेट आणि मायापुरी, जीपा नव्याने बांधून देणारी हरियाणातली डबवाली. नवे बनवलेले भागही मिळतात. भारतात बनलेले विलीजचे सुटे भाग अमेरिकेतले हौशी लोक विकत घेतात, आणि युद्धकाळातल्या जीपची अख्खी बॉडी फिलिपिन्समध्ये नवी बनते. तुटवडा आहे तो ओळखणाऱ्या नजरेचा. फोर्डने बनवलेल्या युद्धकाळातल्या जीपांच्या भागांवर ‘एफ’ ठोकलेला असायचा, अगदी बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा. गंजलेल्या ढिगातून तो ‘एफ’ बोटाने चाचपून काढणारी माणसं थकली आहेत, आणि त्यांच्या हाताखाली मुलगा नाही.

आता विमा. याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण भाग मिळाला नाही तर जीप उभी राहते, पण विमा चुकला तर ती कायमची जाते.

नव्या गाडीची विम्यातली किंमत ठरवायला घसाऱ्याचा तक्ता आहे. तो पाच वर्षांपर्यंतच चालतो. त्यापुढची किंवा उत्पादन थांबलेल्या मॉडेलची किंमत कंपनीने आणि मालकाने आपसात ठरवायची असते. पूर्वी ‘आपसात’ला अर्थ होता. विमा कंपनीचा माणूस अंगणात यायचा, बॉनेट उघडून बघायचा, चहा घेता घेता आकडा ठरायचा. आता मोबाईलच्या पडद्यावर मॉडेल निवडायचं असतं आणि यादीत सीजे-थ्री-बी नसते. कंटाळून लोक फक्त थर्ड पार्टी भरतात. 1500 सीसीवरच्या खासगी गाडीला त्याचे 7,897 रुपये आणि वर जीएसटी. त्यात दुसऱ्याचं नुकसान भरून मिळतं. आपली जीप जळाली किंवा चोरीला गेली तर एक रुपयाही नाही, आणि हे अनेक मालकांना जीप गेल्यावर कळतं.

पूर्ण विमा घेतला तरी दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या भागांवर निम्मी कपात, रबरावर निम्मी. काचेवर कपात नाही. शिवाय दुरुस्तीचा खर्च ठरलेल्या किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी ‘टोटल लॉस’. घाईत कुणी पन्नास हजार किंमत लिहिली असेल तर 37,500 रुपयांवरच्या दुरुस्तीला जीप कागदावर मेली. वाकलेला पुढचा अॅक्सल आणि दोन मडगार्ड एवढ्यात तो आकडा गाठला जातो.

यावर उपाय होता: आधी मान्य केलेली किंमत, घसारा नाही. जुन्या मोटर टॅरिफने ही सवलत व्हिंटेज गाड्यांना दिली होती. व्हिंटेज म्हणजे 31 डिसेंबर 1940 पूर्वी बनलेली. विलीजची युद्धातली जीप 1941 पासूनची. थोडक्यात हुकली. मला हा अन्याय वाटतो.

नोंदणीच्या 2021 च्या नियमांनी मात्र पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हटलं आहे. वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळते, थर्ड पार्टीच्या हप्त्यात निम्मी सूट मिळते. अट अशी की चेसिस, बॉडी, इंजिन मूळचं हवं आणि रोजच्या कामाला गाडी वापरायची नाही. दर हंगामात द्राक्षाच्या क्रेट्स वाहणारी जीप यात बसत नाही. मला ती प्रदर्शनात उभ्या असलेल्या जीपेपेक्षा जास्त खरी वाटते.

हाताने रंगवलेली नंबरपाटी. तीन अक्षरं, चार आकडे, पेंटरची सही. आता एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांनाही सुरक्षा पाटी सक्तीची आहे.

चेसिसचा ठसा. तारेच्या ब्रशने गंज खरवडायचा, पातळ कागद दाबून धरायचा, पेन्सिल आडवी धरून हलकेच घासायची. आकडे पांढरे उमटतात. सँडब्लास्ट करून जाड रंग मारल्यावर हे आकडे बुजतात आणि मग तपासणीला आलेल्या माणसापुढे मालकाकडे दाखवायला काही उरत नाही.

घरी जुनी जीप असेल तर एवढं करा. पॉलिसीत खंड पडू देऊ नका. खंड पडला की पुन्हा तपासणी लागते, आणि नव्वद दिवस उलटले की नो क्लेम बोनसही जातो. किंमत लिहून घेताना फोटो आणि मिस्त्रीचा लेखी अंदाज जोडा. रंगाला देण्याआधी चेसिसचा ठसा घेऊन आरसीबरोबर ठेवा. डिझेल इंजिन बसवलं असेल तर आरटीओत त्याची नोंद करून घ्या, नाहीतर दावा तिथेच अडतो. आणि काढून ठेवलेलं पेट्रोल इंजिन भंगारवाल्याला देऊ नका. आरसी जुनीच असेल तर तिच्यावर अजून त्याचाच नंबर आहे.