कळमन्याची संत्री आणि फाळक्यांची करामत

नागपूरच्या पूर्वेला कळमना म्हटले की आधी मार्केट यार्ड आठवते. काटोल, नरखेड, वरूडकडची संत्री हंगामात येथे ट्रकांनी उतरतात. केशरी ढीग लागतात, पलीकडून मिरचीचा ठसका येतो आणि पाठीवर पोते घेतलेले हमालबांधव "सरका, सरका" करीत जातात. कितीतरी घरांची चूल या बाजारावर पेटते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघे-तिघे कार्यकर्ते जवळच्या वस्तीत गेलो होतो. एका हमालाच्या घरी बाईंनी मोबाईल पुढे केला. कोणी एक बाबा रिकाम्या मुठीतून नाणे काढीत होता. खाली पैसे पाठवायचा नंबर होता. बाई पाचशे रुपये पाठविणार होत्या. पाचशे रुपयांसाठी किती पोती वाहावी लागतात, ते त्या घराला आम्ही काय सांगावे?

आम्ही भाषण केले नाही. वस्तीतली पोरे घेऊन यार्डात गेलो आणि मोबाईल क्रेटला टेकवून ठेवला. एक पोरगा रिकामी ओंजळ धरून उभा राहिला. चित्रीकरण थांबविले; तो पुतळ्यासारखा स्तब्ध. दुसरा ओंजळीत संत्रे ठेवून बाजूला झाला. पुन्हा चालू केले. पाहतो तर संत्रे हवेतून आले! मात्र मागून जाणारा हमाल एकाएकी गायब झाला होता. पोरांनी लगेच बाबाचा व्हिडिओ लावला. त्याच्याही मागचा पडदा नेमका नाणे येतानाच झटकन सरकत होता. पाचशे रुपये घरातच राहिले.

ही युक्ती जुनीच. फ्रान्सच्या जॉर्ज मेलिएसने १८९६ सालीच तिने पडद्यावरची बाई गायब केली होती. आपल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून ठरावीक वेळाने एकेक फ्रेम टिपली. महिन्याभराची वाढ मिनिटाभरात दिसली आणि त्या बळावर 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल उभे राहिले. फिल्म मागे गुंडाळून तिच्यावरच दुसऱ्यांदा चित्रण केले की एक चेहरा दुसऱ्यात विरघळतो, हेही त्यांना ठाऊक होते. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली ती त्यांची लहान मुलगी मंदाकिनी. आरंभी तिचा साधा चेहरा दिसतो. ती निरनिराळे हावभाव करून दाखविते, आणि मग त्याच चेहऱ्याचा कृष्ण होतो. सारे प्रेक्षकांसमोर, उघड उघड.