सतरा विरुद्ध एकोणीस

जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेरच्या टपरीवर आमचा चहा ठरलेला. पॅलेस्टाईन, म्यानमार, जिथं जिथं जुलूम चाललाय तिथल्या लोकांसाठी नुकतंच आमीन म्हटलेलं असतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका जुम्म्याला माझ्या जुन्या विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, चीनमधल्या उइगुरांसाठी कधी दुआ होत नाही, असं का?"

मी लगेच म्हणालो, "अरे, तो अमेरिकेचा प्रचार आहे. इराकमध्ये सापडली का ती शस्त्रं?" सगळे हसले. तो गप्प बसला.

मी तीस वर्षं शिक्षकी केली. प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करणं ही शिक्षकाची सर्वांत वाईट खोड. त्या दिवशी मी तेच केलं, म्हणून हे लिहितोय.

इराकबद्दल मी खोटं बोललो नव्हतो. अमेरिकेवर विश्वास न ठेवायला कारणं भरपूर आहेत, आणि एक कारण तर उइगुरांचंच आहे. अफगाणिस्तानच्या युद्धानंतर अमेरिकेनं २२ उइगुरांना ग्वांतानामोच्या तुरुंगात टाकलं. त्यातल्या १७ जणांना सोडा, असा आदेश तिथल्याच न्यायालयानं २००८ मध्ये दिला. तरी शेवटचे तिघे बाहेर पडायला २०१३ चा डिसेंबर संपत आला. आणि तेही अमेरिकेत नव्हे, स्लोव्हाकियात गेले.

त्याच अमेरिकेनं १७ जून २०२० रोजी उइगुर मानवाधिकार धोरण कायदा केला. प्रतिनिधीगृहात बाजूनं ४१३ मतं पडली, विरोधात एक. शिनजियांगमधल्या छळाला जबाबदार असलेल्यांची नावं राष्ट्राध्यक्षांनी संसदेला कळवायची, त्यांची अमेरिकेतली मालमत्ता गोठवायची, व्हिसा नाकारायचा, असा हा कायदा. ट्रम्प यांनी सही केली त्याच दिवशी त्यांचे माजी सल्लागार बोल्टन यांच्या पुस्तकातले उतारे छापून आले. या छावण्या बांधायला ट्रम्प यांनीच शी जिनपिंग यांना दुजोरा दिला होता, असा आरोप त्यात होता. ट्रम्प यांनी बोल्टन यांना खोटारडं ठरवलं. खरंखोटं काहीही असो, कायदा करणारे हात स्वच्छ होते असं मी म्हणणार नाही.

पण दुसरा कायदा वाचला आणि मला अब्बा आठवले. अब्बा विदर्भात जिनिंगमध्ये कामाला होते. ते म्हणायचे, रुईची गाठ एकदा बांधली की कापूस कुणाच्या शेतातला, हे अल्लाहलाच ठाऊक. चीनचा बहुतेक कापूस शिनजियांगमध्ये पिकतो. जगातला सुमारे पाचवा हिस्सा तिथलाच. सक्तीनं वेचून घेतलेला कापूस कोणता, हे गाठ बघून कोण सांगणार? २३ डिसेंबर २०२१ रोजी सही झालेल्या आणि जून २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानं हा पेच उलटा सोडवला. शिनजियांगचा माल आला की तो वेठबिगारीचाच आहे असं धरून चालायचं. तसं नाही, हे आणणाऱ्या कंपनीनं सिद्ध करायचं. छावणीतल्या माणसाला पुरावा आणायला सांगण्यापेक्षा नफा कमावणाऱ्याला सांगणं बरं, एवढाच त्यामागचा विचार. पळवाटा आहेतच. तिसऱ्या देशात त्याच कापसाचा शर्ट शिवून आला की शोधणं कठीण जातं. तरी हा विचार मला न्याय्य वाटतो, मग तो कुणीही मांडलेला असो.

माझं मत मात्र अमेरिकेनं बदललं नाही. ते बदललं इल्हाम तोहती यांच्यामुळे. बीजिंगच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवणारा हा उइगुर प्राध्यापक. हान आणि उइगुर यांच्यात संवाद व्हावा म्हणून त्यानं एक संकेतस्थळ चालवलं. २०१४ मध्ये फुटीरतावादाच्या आरोपाखाली त्याला जन्मठेप झाली. एका शिक्षकाचा गुन्हा काय, तर तो बोलला.

नंतर ३१ ऑगस्ट २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाचा अहवाल आला. शिनजियांगमध्ये जे घडलं तो मानवतेविरुद्धचा गुन्हा असू शकतो, असं त्यात म्हटलंय. चीन म्हणतो, ती व्यवसाय प्रशिक्षण केंद्रं होती. ठीक आहे, मग चर्चा करू. त्या अहवालावर फक्त चर्चा व्हावी, एवढाच ठराव ६ ऑक्टोबर २०२२ रोजी मानवाधिकार परिषदेत आला. शिक्षा नाही, निर्बंध नाहीत, नुसती चर्चा. बाजूनं १७, विरोधात १९, तटस्थ ११. ठराव पडला.

विरोधात कोण होते? पाकिस्तान, इंडोनेशिया, कतार, संयुक्त अरब अमिराती. मलेशिया तटस्थ राहिला, आपला भारतही तटस्थ. मुस्लिम देशांपैकी बाजूनं उभा राहिला एकटा सोमालिया, ज्याच्या घरातच उपासमार होती. दोन मतं इकडची तिकडे झाली असती तर निकाल फिरला असता. उम्मत, उम्मत म्हणून आपण गळा काढतो, ती उम्मत त्या दिवशी चीनच्या कर्जाच्या आणि व्यापाराच्या वह्या चाळत बसली होती.

यावर काही वाचक म्हणतील, गाझाबद्दल अमेरिका गप्प, तिचे कायदे काय कामाचे? प्रश्न रास्त आहे. पण अमेरिकेच्या दुटप्पीपणाची शिक्षा उइगुरांना का? अमेरिका आपल्या सोयीचा मजलूम निवडते म्हणून आपण तिला नावं ठेवतो, आणि मग आपणही आपल्या सोयीचाच निवडतो. या देशात अल्पसंख्य म्हणून आपण रोज म्हणतो, आमचं ऐकून घ्या, आमच्यावर संशय घेऊ नका. तेच दुसरा म्हणाला तेव्हा मी चहाच्या टपरीवर हसून मोकळा झालो होतो.

गेल्या ईदला तो विद्यार्थी शीरखुर्मा प्यायला घरी आला. मी म्हणालो, "तुझ्या एका प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे राहिलंय." त्याला आठवतही नव्हतं. मला आठवत होतं. पुढच्या जुम्म्याला मी इमामसाहेबांकडे चिठ्ठी दिली. त्यांनी ती वाचली आणि विचारलं, "मास्तर, हा लफ्ज कसा म्हणायचा?"

मी सांगितला. त्या दिवशी दुआत तो आला.