आलेख, अनुमान आणि आरोपी

विधी प्रवेशपरीक्षेच्या तर्कविभागात मेंदूच्या चाचणीवरचा उतारा येतो, तेव्हा प्रश्नकर्त्याचे सारे कसब निष्कर्षातल्या एखाद्या क्रियापदात दडलेले असते. पुराव्यात ‘सक्रिय झाला’ एवढेच म्हटलेले असते आणि निष्कर्षात अलगद ‘केले’ उतरते.

बंगळुरूत या गफलतीचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. येथील निम्हान्स या संस्थेत चिकित्सालयीन मानसशास्त्राचे काम केलेल्या सी. आर. मुकुंदन यांनी विकसित केलेल्या चाचणीत आरोपीच्या डोक्याला विद्युदग्रे लावून त्याला गुन्ह्यासंबंधीची प्रथमपुरुषी वाक्ये ऐकवली जातात, त्याने काहीही बोलायचे नसते, आणि मेंदूतील विद्युत्-लहरींच्या आलेखावरून ‘अनुभवजन्य ज्ञान’, म्हणजे स्वतः केलेल्या कृतीची आठवण, ऐकीव माहितीपासून वेगळी ओळखता येते असा दावा असतो. 2008 मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका विषप्रयोगाच्या खटल्यात आरोपीला दोषी ठरवताना असा अहवाल ग्राह्य धरला. त्याच वर्षी निम्हान्सचे संचालक डी. नागराज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ही पद्धत अशास्त्रीय असल्याचा निर्वाळा दिला.

प्रश्न सोडवणाऱ्याने येथे थांबून विचारायचे ते असे, की हाच आलेख आणखी कशाने उमटू शकेल? चौकशीत तीच हकिकत पुन्हापुन्हा ऐकलेल्या निरपराध माणसाच्या मनातही ते दृश्य उभे राहू शकते, आणि त्याचा आलेख वेगळा दिसेल हे आधी सिद्ध करावे लागते. न्यायदर्शनाने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, हा दोष फार पूर्वी ओळखला आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान होते, कारण त्यांच्यात व्याप्ती, म्हणजे अव्यभिचारी साहचर्य असते. अग्नीवरून धुराचे होत नाही, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असूनही धूर नसतो, त्यासाठी ओल्या इंधनाची उपाधी, म्हणजे जादा अट, लागते. आठवताना मेंदूचा अमुक भाग सक्रिय होतो, म्हणून तो सक्रिय झाला की माणूस आठवतच असतो, हे अनुमान त्याच जातीचे. फंक्शनल एमआरआयच्या रंगीत चित्रांनी तर ते अधिकच पटू लागते. वास्तविक ते रंग संगणकाने भरलेले असतात आणि मोजलेला असतो तो रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणातला बदल.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2010 मधील सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालावर प्रश्न बेतला असेल, तर हुशार विद्यार्थीही ‘न्यायालयाने चाचणी निरुपयोगी ठरवली’ हा पर्याय निवडून बसतो. निकालाचा मुख्य आधार मात्र सक्तीचा आहे, संमतीवाचून अशी चाचणी करणे हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 20(3) मधील स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचे उल्लंघन होय.