नकाराचा सराव

आमच्या कामात सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे चटकन मिळणारा होकार. बौद्धिक दिव्यांग प्रौढाला "दारू सोडायची ना?" विचारलं की मान डोलते. थोड्या वेळाने "दारू आवडते ना?" विचारलं तरी डोलतेच. यात लबाडी नसते. शहाण्यासारखं ऐकायचं, एवढंच त्याला घरी, शाळेत, कार्यशाळेत शिकवलेलं असतं. व्यसनही याच वळणावर येऊन बसतं: कोणीतरी ग्लास पुढे करतं आणि तो घेतो.

म्हणून "आठवड्यातून किती वेळा?" असं मी विचारत नाही, तो हिशेब त्याला जमत नाही. टेबलावर लहानमोठे ग्लास मांडते. काल यातला कुठला होता? कुठपर्यंत भरला होता? कोणी भरला? पैसे कोणाचे? खरी गोष्ट बहुधा शेवटच्या दोन उत्तरांत असते. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे खात्यात आले की अड्ड्यावरून बोलावणं हमखास येतं. तिथे तो चकणा आणतो, चेष्टा सोसतो. पण घरी तिशीतही पोर समजला जाणारा हा माणूस तिथे चार पुरुषांच्या पंगतीला बसतो. हे बसणं दुसरीकडे कुठे मिळेल, याची सोय लावल्याशिवाय ग्लास सुटत नाही. कोणाला कॅरमचा कट्टा लागू पडतो, कोणाला भजनी मंडळातले टाळ.

'नाही म्हण' एवढं सांगून भागत नाही. आम्ही तो प्रसंग उभा करतो. मी ग्लास पुढे करते, तो हात मागे घेतो, "नको, गोळ्या चालू आहेत" म्हणतो आणि चालू लागतो. चालू लागणं सगळ्यात महत्त्वाचं, कारण तिथे रेंगाळला की पुन्हा मान डोलते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या गटात तासभर चालणारी अनुभवकथनं त्याच्या डोक्यावरून जातात, पण 'फक्त आजचा दिवस' हे सूत्र नेमकं पोचतं.

घरचे मात्र सोपा उपाय शोधतात: डायसल्फिरामची गोळी गुपचूप चहात. ती पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या आणि धडधड सुरू होते, रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. काय टाळायचं हेच ज्याला माहीत नाही, त्याला ती देणं धोक्याचं. यातल्या अनेकांना फिटही येतात; रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर त्या उसळू शकतात. म्हणून डॉक्टर हवेतच, आणि त्याची समजून दिलेली संमतीही.

कायद्याने तो दोन दारांत उभा आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाशी निगडित मानसिक अवस्था येतात, बौद्धिक अक्षमता येत नाही. ती 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात. तिथे मर्यादित पालकत्व म्हणजे पालकाने त्याच्याशी सल्लामसलत करून, दोघांनी मिळून घेतलेला निर्णय.

काही महिन्यांनी आई तक्रार घेऊन येते, "ताई, हल्ली उलट बोलतो. जेवायला नको म्हणतो, मामाकडे यायला नको म्हणतो." हे होणारच असतं. अड्ड्यावर नकार द्यायला शिकलेला माणूस तो घरीही देणार, मलाही देणार. घरच्यांना हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवते. त्यांनी तो नकार ऐकून घेतला, तरच बाहेरचा टिकतो.