सपाट माथ्याची टेकडी

बारामतीहून इंदापुराकडे जाणारा प्रवासी दुतर्फा डोलणारा ऊस पाहून या मुलुखाला सुजल समजतो. परंतु ही हिरवळ आभाळाची नव्हे, कालव्याची आहे. गेल्या शतकाच्याही आधी, १८८५ च्या सुमारास, नीरेचा डावा कालवा इकडे आला. पाऊस मात्र अद्यापि वर्षाकाठी वीस इंचांच्या आसपासच पडतो. कालवा सोडून सुप्याच्या माळाकडे वळावे, म्हणजे खरा मुलूख भेटतो : कुसळे, बोरी-बाभळी, एखादे चिंकारा हरिण आणि दूरवर सुरीने माथा कापल्यासारख्या सपाट टेकड्या.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात असेच उभ्या कड्यांचे, सपाट माथ्याचे एकाकी डोंगर आहेत. भूगोलात त्यांना ‘ब्यूट’ म्हणतात. तेथील खडक तांबडा वालुकाश्म, आमचा काळा अग्निजन्य पाषाण. घडण्याची रीत मात्र एकच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हा उसळला व थरांवर थर साचत गेले. काही थर घट्ट, काही सच्छिद्र व ठिसूळ. पावसापाण्याने ठिसूळ थर झिजतो, घट्ट थर टोपीसारखा टिकतो, त्याच्या कडा तेवढ्या ढासळतात. आणि विस्तीर्ण पठाराची अखेर टेकडी उरते. म्हणजे टेकडी वर आलेली नाही. भोवतालचे सारे खाली गेले आहे. जे झिजले त्याचीच काळी माती झाली, व आज तिच्यात ऊस उभा आहे.

आमच्या वडिलार्जित रानालगत अशीच एक लहानशी टेकडी आहे. आमचे थोरले चुलतबंधू ती मुरुमासाठी विकावी म्हणतात. “तिच्यावर पायलीभर बाजरी तरी पिकते काय?” हा त्यांचा प्रश्न. तो खोटा नाही. त्यांच्यावर कर्ज आहे, आणि ते आमच्यासारखे दर महिन्यास पगार मोजीत नाहीत.

आमचे म्हणणे इतकेच की, अखंड काळा पाषाण पाणी पीत नाही. पाणी मुरते ते भेगांत आणि झिजलेल्या मुरुमात. टेकडीच्या उतारावर व पायथ्याशी जो मुरुम आहे, तोच खालच्या विहिरीचा साठा. तो रस्त्यावर गेला, तर पावसाळी लोट ओढ्याला मिळेल आणि विहीर फाल्गुनातच तळ दाखवील. मुरुम एकदाच विकता येतो. विहीर दरसाल लागते.

तथापि भूशास्त्राने सावकार फिटत नाही, हेही आम्हांस कळते. म्हणून करारावर सही न करता, कर्जाचा निम्मा हप्ता आम्ही आमच्या पगारातून भरू, असे बंधूंना कळविले आहे. त्यांचे उत्तर अजून यावयाचे आहे.