चाकांचा रंग

जुन्या वस्तूवर प्रेम करणाऱ्याची खरी परीक्षा ती सजविण्यात नसून, ती जशी होती तशी राहू देण्यात असते. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या भाच्याने 1919 सालची एक फोर्ड 'टीटी' मालमोटार विकत घेतली आणि मला विचारले, "मामा, चाकांचे लाकडी आरे तांबडे रंगवू का? फार खुलून दिसतील."

खुलतील यात मलाही शंका नव्हती. परंतु 1914 पासून 1925 पर्यंत फोर्डच्या कारखान्यातून 'मॉडेल टी' बाहेर पडे ती काळीच. 1917 साली निघालेल्या तिच्या या एकटनी भावंडाचा त्या वेळी नुसता सांगाडा विकला जाई. वरची पेटी गिऱ्हाईक आपल्या सोयीने बांधवून घेई. तेव्हा पेटीच्या रंगाला इतिहासाची मोकळीक आहे; चाके मात्र कारखान्याची.

"आऱ्यांवरचे थर हलक्या हाताने घासून पाहा," असे मी त्याला कळविले. हिरव्याखाली करडा आणि करड्याखाली काळा निघाला. भाचा हिरमुसला. मला मात्र त्या काळ्या थराविषयी आदरच वाटला. जन्मभर ओझी वाहिलेल्या चाकांना मिरवणुकीचा वेष चढविणे म्हणजे कष्टाळू आजोबांच्या तसबिरीवर मागाहून जरीचा फेटा रंगविणे होय. तसबीर शोभिवंत होईल. पण आजोबा त्यातून निघून जातील.